पाच बोटं

तिने ओलं फडकं गॅसच्या टाकीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं आणि समोर उकिडवी बसली. टाकी जिथे रिकामी असते तिथलं पाणी झटकन सुकतं, जिथे गॅस असतो तिथे ओल रेंगाळते. आठ दिवसांपूर्वी ही ओल जिथवर होती, तिथे तिने चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला होता. आज तिथून दोन बोटं खाली उतरायला हवी होती. फार तर अडीच.

घरात माणसं तीन: ती, नवरा आणि सासूबाई. एक टाकी दोन महिने आरामात पुरायची. अलीकडे मात्र महिन्याभरातच संपायला लागली. आधी टाकीवाल्याला शिव्या घालून झाल्या. मग एका सकाळी नवरा पाणी प्यायला आत गेला, तर रिकामा बर्नर बारीक आचेवर जळतोय आणि आई बटणावर हात ठेवून उभी. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. त्याने विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, विसरलेच रे मी. इतकं सरळ कबूल केल्यावर पुढे काय बोलणार?

त्याने आईला आपल्या बहिणीकडे नेऊन सोडलं. आठ दिवस म्हणून. पण ठरलं होतं ते असं, की या आठ दिवसांत गॅस कमी जळला तर आईने कायमचं तिकडेच राहायचं. घर पेटल्यावर शहाणपण घेऊन काय करायचंय? चाळीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या तिथून सासूबाई एक पिशवी घेऊन निघाल्या, हूं की चूं केलं नाही. सुनेला वाईट वाटलं. खोटं कशाला बोला, थोडं हायसंही वाटलं. ती दिवसभर बाहेरच्या खोलीत मशीनवर शाळेचे गणवेश शिवायची, आणि आत काय पेटतं राहिलंय याचा जिवाला घोर लागून राहिलेला असायचा.

पाणी सुकत गेलं. ओल थांबली ती पट्टीच्या खाली पाच बोटांवर.

तिने पुन्हा फडकं फिरवलं. पुन्हा पाच. मग साबणाचं पाणी करून नळीला आणि जोडाला लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. नवऱ्याने गुपचूप चहा केला म्हणावं, तर त्या माणसाला कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हेही धड ठाऊक नव्हतं.

ती उठली तशी गालाला धग लागली. खिडकीतलं ऊन थेट ओट्यावर पडलं होतं आणि त्या उजेडात मागच्या बर्नरवर काहीच दिसत नव्हतं. तिने तळहात वर धरला आणि झटकन मागे घेतला. चहा तिने आठ वाजता केला होता. घड्याळात अकरा वाजून गेले होते.

तिने बटण बंद केलं. भीती वाटली तिला, निव्वळ भीती. गेल्याच आठवड्यात तिने एका सदऱ्याला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या होत्या आणि हसण्यावारी नेलं होतं.

तिने नणंदेकडे फोन लावला. सासूबाईंनी घेतला. जेवणखाण, झोप सगळं विचारून झालं, तरी दोघींपैकी कुणी फोन ठेवेना.

"आई," ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही बर्नर बंद करत होतात ना?"



"म्हातारीचं विसरणं खपून जातं गं," सासूबाई म्हणाल्या. "तुझं वय आहे का हे?" आणि मग हलक्या आवाजात, "त्याने विचारलं तर कमीच जळला म्हणून सांग. मी इथे बरी आहे. मशीनवर बसण्याआधी एकदा आत डोकावत जा, एवढं कर."

आवाजावरून त्या काही बऱ्या वाटत नव्हत्या.

दुपारभर मशीन बंद होतं. एकदा तिने आत जाऊन चिकटपट्टीचा कोपरा नखाने उचललाही. तीन बोटं खाली सरकवली तर कुणाला कळणार होतं? कितीतरी वेळ ती तशीच उभी राहिली, मग कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

नवरा संध्याकाळी आला. बूट काढता काढताच म्हणाला, की बहिणीशी बोलणं झालंय, तिची काही हरकत नाही. मग किती उतरलं ते विचारलं.

"पाच बोटं."

"आई नसताना?"

तो तडक आत गेला आणि टाकीशी वाकून नळी चाचपू लागला. नळीच गळत असणार, उद्याच माणूस बोलावतो, असं काहीबाही बोलत राहिला.

"नळी मी तपासली," ती दारातून म्हणाली. "नळीला काही झालेलं नाही."

त्याचा हात नळीवरच थांबला. मान वर करून तिच्याकडे बघायला त्याला बराच वेळ लागला.