भाऊंच्या फोटोमागचा फळा

मी फळा बोलतोय. शाळेतला नव्हे, चौकातला. शाळेतल्या फळ्याला निदान मे महिन्याची सुट्टी असते, मला तीही नाही. आज माझं डोकं भयंकर तापलेलं आहे, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. एका आठ वर्षांच्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तिच्या जिवाचं जे काही आहे ते माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. पण ते कुणाला दिसत नाही. का दिसत नाही, ते सांगतो.

माझं गाव चोपड्यापासून दहा-बारा किलोमीटरवर, केळीच्या बागांमध्ये. ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामाची बाजूची भिंत म्हणजे माझी जागा. समोर एसटीचा थांबा, डाव्या हाताला हापसा, उजव्या हाताला चहाची टपरी. झुलाल गवंड्याने दोन दिवस थापी फिरवून मला गुळगुळीत केलं आणि वरून काळा रंग दिला. हे काम तोताराम नानांनी सांगितलेलं. नाना तालुक्याच्या वाचनालयातून निवृत्त होऊन नुकतेच गावी आले होते. "गावाला चार गोष्टी माहीत असाव्यात," एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मला तेव्हा फार अभिमान वाटला. मूर्ख होतो.

नानांनी माझे चार चौकोन पाडले. वर विज्ञान आणि कायदा, खाली धर्म आणि आरोग्य. रोज सकाळी सातला नाना येत, ओल्या फडक्याने मला पुसत आणि चारही चौकोनांत दोन-दोन ओळी लिहीत. बारा वर्षं हा माणूस उन्हातान्हात उभा राहून लिहितोय. बोटांना खडूने भेगा पडल्यात.

आणि गावाने काय केलं? धर्माच्या चौकोनापुढे चपला काढल्या. कानबाईच्या सणातल्या रोटांवर दोन ओळी आल्या की दिवसभर गर्दी, फोटो काय, चर्चा काय. विज्ञानाच्या चौकोनात नानांनी एकदा लिहिलं, ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरली तरी बाळाला काही होत नाही. संध्याकाळपर्यंत त्यावर शेण फासलेलं होतं. कायद्याच्या चौकोनात लिहिलं, बापाच्या शेतात मुलीचाही सारखाच वाटा असतो. ते तर सकाळचे दहा वाजायच्या आत कुणीतरी रुमालाने पुसून टाकलं. पुसणारा मी पाहिलाय. चार बहिणींचा एकुलता भाऊ आहे तो. "नाना, फळावर देवनं नाव लिखा, बरं वाटस. हाई कायदा-फायदा कसाले?" असं तोच वर विचारतो.

आरोग्याचा चौकोन सगळ्यांत खाली, उजव्या कोपऱ्यात. टपरीवरची तंबाखूची पिंक तिथेच पडते. गावातली कुत्री पाय वर करतात तीही तिथेच. नाना ते धुतात आणि पुन्हा लिहितात. मला मात्र राग गिळता येत नाही.

मला मनापासून वाचणारं एकच माणूस होतं, रत्ना. केळीच्या बागेत मजुरीला जाते, सातवीपर्यंत शिकलेली. बायकांना नेणारी गाडी यायच्या आधी ती माझ्यासमोर उभी राहून एकेक अक्षर बोटाने दाखवत, ओठ हलवत वाचते. सगळं वाचून होण्याआधीच गाडीचा हॉर्न वाजतो. मग उरलेलं दुसऱ्या दिवशी विचारते नानांना. तिच्यासाठी मी जगत होतो म्हणा ना.

गेल्या महिन्यात शेजारच्या शिवारात पिसाळलेलं कुत्रं फिरतंय अशी बातमी आली. नानांना त्याच दिवशी डोळ्याच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला, देवपूरला लेकीकडे जायचं होतं. जाण्याआधी त्यांनी चारही चौकोन पुसले आणि माझ्या पूर्ण अंगावर एकच विषय मोठ्या अक्षरांत लिहिला. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. मिरची, चुना, हळद भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा. इंजेक्शन दंडात देतात, पोटात नाही, आणि ते फुकट आहे. जखम लहान आहे, पिल्लूच होतं, म्हणून गप्प बसू नका. हा रोग एकदा दिसू लागला की त्याला औषध नाही. खाली लिहिलं, "आठ दिवस कृपया पुसू नये."

कुणी पुसलं नाही, ते खरं. दुसऱ्याच दिवशी माझ्यावर फ्लेक्स ठोकला.

नवलभाऊंचा वाढदिवस होता. नवलभाऊ म्हणजे गावातले उगवते नेतृत्व, असं त्या फ्लेक्सवरच छापलेलं होतं. मधोमध ते स्वतः, काळा चष्मा, हात जोडलेले. भोवती पंचवीस शुभेच्छुकांची डोकी. ठोकणारा त्यांचा खास माणूस रुपचंद. त्याने माझ्या चारही कोपऱ्यांत खिळे मारले. एक खिळा 'साबणाने' या शब्दातून गेला. गावात दुसऱ्या चार भिंती मोकळ्या होत्या. पण माझ्यासमोर एसटी थांबते, लोक थांबतात. लोक थांबावेत म्हणून नानांनी बारा वर्षं घासली आणि त्या गर्दीवर भाऊंचा चष्मा आयता येऊन बसला. वारा जावा म्हणून फ्लेक्सला काप दिलेले होते, त्यांतून मी बाहेर बघत राहिलो.

सोमवारी संध्याकाळी हापशाजवळ एक तांबडं पिल्लू रत्नाच्या पोटरीला चावलं. तिने घागर खाली ठेवून पाय पाहिला. दोन दात उमटले होते, थोडं रक्त. तिची सासू इंदिराबाई धावत आली.

"पिल्लूच तं व्हतं. दात बी धड निंघेल नईत. चाल घर, मिरची भरी देस, इख उतरी जाई."

आणि नेलं तिला. माझ्या अंगावर, फ्लेक्सच्या आत, "मिरची भरू नका" असं वीतभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या क्षणी मला फुटून जावंसं वाटलं. सिमेंटचा आहे म्हणून टिकलो.

मंगळवारी सकाळी रत्ना लंगडत आली. आदल्या आठवड्यात माझ्यावरची पहिली ओळ तिने वाचली होती, तेवढ्यात गाडी आली होती. कुत्र्याचं काहीतरी होतं, एवढं तिला आठवत होतं. तिने फ्लेक्सचा कोपरा उचलून आत डोकावण्याचा प्रयत्न केला.

"ए, हात नको लावू!" टपरीवरून रुपचंद ओरडला. "भाऊना फोटो शे तो!"

"माले फोटो नई देखना," रत्ना म्हणाली. "माले मांगे लिखेल शे ते वाचानं शे."

"आठ दिवसनी वाच."

रत्नाने त्याच्याकडे एकदा पाहिलं. कमरेचा विळा काढला आणि फ्लेक्स वरपासून खालपर्यंत चिरला. भाऊंचे जोडलेले हात एका बाजूला, चष्मा दुसऱ्या बाजूला. मग शांतपणे, बोटाने एकेक शब्द दाखवत तिने मला शेवटपर्यंत वाचलं. बारा वर्षांत मला इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला फार फार आनंद झाला.

टपरीशेजारच्या दुकानातून तिने कपड्याच्या साबणाची वडी घेतली आणि हापशावर जाऊन बसली. शाळेला निघालेली नवलची आठ वर्षांची मुलगी ऋतिका तिला हापसून देऊ लागली. मिरची धुऊन निघताना रत्नाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ऋतिका टक लावून त्या जखमेकडे बघत होती. तिचा एक मोजा घोट्यापाशी होता आणि दुसरा गुडघ्यापर्यंत ओढलेला. त्या दुसऱ्या मोज्यावर वाळलेल्या रक्ताचा डाग होता. तो मला दिसला. मला सगळं दिसतं. पण गावाशी मला लिहिलेलं असेल तेवढंच बोलता येतं आणि त्या पोरीचं नाव माझ्यावर कुणी लिहिलेलं नव्हतं. ती दप्तर सावरत शाळेत गेली. रत्ना एसटीत बसून चोपड्याला गेली आणि इंजेक्शन घेऊन आली.

बुधवारी सकाळी माझ्यापुढे बैठक बसली. कुत्र्याचा बंदोबस्त करायला नव्हे. भाऊंच्या फोटोचा अपमान झाला म्हणून! मधोमध कौतिक आबा बसले, गावातले वडीलधारे. नवल कमरेवर हात ठेवून उभा. रुपचंद फाटलेल्या फ्लेक्सचा तुकडा उचलून सगळ्यांना दाखवत होता, जसा काही पुरावाच. पन्नास माणसं जमली. त्यांतल्या एकाने, एकानेसुद्धा, रत्नाला "पाय कसा आहे" म्हणून विचारलं नाही. पन्नास माणसं माझ्याकडे तोंड करून बसली होती आणि कुणी मला वाचत नव्हतं.

"रत्ना, माफी मांगी ले," आबा म्हणाले. "विषय मिटी जाई."

"मांगसू, आबा," रत्ना म्हणाली. "पहिले हाई बठ्ठासले वाची दावस."

कुणी हो-नाही म्हणायच्या आत ती वळली आणि मला मोठ्याने वाचू लागली. अडखळत, बोट ठेवत. मागून कुणीतरी हसलं. ती थांबली नाही. "जखम लहान आहे, पिल्लूच होतं, म्हणून गप्प बसू नका," इथवर आली, आणि गर्दीच्या कडेला दप्तर घेऊन उभी असलेली ऋतिका रडायला लागली.

"पप्पा," ती म्हणाली, "माले बी चावनं ते पिल्लू."

नवल खाली बसला. त्याने मोजा खाली केला. "कव्हय?"

"परवा."

"मंग सांगं का नई?"

"तुम्ही मारशात म्हनीसन."

माफीचा विषय तिथेच राहिला. नवलने पोरीला मोटारसायकलवर पुढ्यात घेतलं आणि चोपड्याची वाट धरली. दुसऱ्या दिवशी ते तांबडं पिल्लू उकिरड्याजवळ मेलेलं सापडलं, तेव्हा गावाची बोबडी वळली. त्या दिवशी एरवी धर्माच्या चौकोनासमोर उभी राहणारी माणसंही आरोग्य वाचून गेली.

आठवड्याने नाना परत आले, एका डोळ्याला हिरवी पट्टी. नवलने त्यांचे पाय धरले. "नाना, चुकनं मनं," म्हणाला. त्याच्या बायकोने, मंदाने, नानांना गळ घातली, की दवाखान्याचं कार्ड ह्यांच्या पाकिटात असतं आणि हे गावात नसतात, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख फळ्यावर लिहून ठेवा. नानांनी दर वेळी लिहिली, गेल्या आठवड्यात शेवटची. "ऋतिका, शेवटचं इंजेक्शन बुधवारी. चुकवू नये." रोज बाकीचं पुसायचं, ती ओळ ठेवायची. मंदा पाण्याला आली की त्या ओळीकडे बघून जायची. मी खरोखर विरघळलो होतो. वाटलं, सुधारलं गाव.

आज मंगळवार. आज सकाळी नऊ वाजता माझ्यावर नवा फ्लेक्स ठोकला गेला.

"शूर भगिनी रत्नाताई यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, नवलभाऊ मित्र मंडळ." रत्नाचा फोटो अंगठ्याएवढा, आधार कार्डावरून उचललेला. भाऊंचा मात्र पुरुषभर, या वेळी चष्म्याशिवाय. बिचाऱ्या रत्नाला पत्ताही नाही. तिचं शेवटचं इंजेक्शन आज होतं. ते घेऊन ती चोपड्याहून परस्पर भडगावला भावाकडे गेली. नाना दुसऱ्या डोळ्यासाठी देवपूरला. नवल कुठल्याशा मेळाव्याला मुंबईत आणि कार्ड त्याच्या पाकिटात.

दहाच्या सुमारास मंदा ऋतिकाचं बोट धरून आली. फ्लेक्ससमोर उभी राहिली.

"आठे तारीख लिखेल व्हती ना हो?" तिने रुपचंदला विचारलं. "बुधवार व्हता का शुक्रवार?"

"वहिनी, पोर तं कुदी राहिनी," रुपचंद चहा फुंकत म्हणाला. "बठ्ठ्या सुया व्हई गयात ना? एक राहिनी तं काय व्हस? भाऊले येऊ द्या, मंग देखू."

मंदा क्षणभर घुटमळली. मग "बरं," म्हणाली आणि निघून गेली. ऋतिका एका पायावर लंगडी घालत तिच्या मागे गेली.

तुम्हाला वाचता येतं, त्याशिवाय इथवर आला नसतात. मग माझी कणव करत बसू नका आणि दसऱ्याला हळदकुंकू घेऊन माझ्याकडे येऊ नका. आत्ता उठा. हापशामागची तिसरी गल्ली, निळ्या दाराचं घर. मंदाला सांगा, शुक्रवार नाही, बुधवार. म्हणजे उद्या. सकाळी नऊची एसटी आहे.