जुन्या तोफेचे गोळे

बापाची शवपेटी बंदच आणली होती. उघडून दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. कारखान्यात तोफगोळ्यांत दारू दाबून भरणारं यंत्र फुटलं होतं. त्याचं संरक्षक दार लागल्याशिवाय ते चालत नसे. पण वर्षअखेरीला ठरलेले गोळे झाले नाहीत, तर उरलेला पैसा राजधानीला परत जाई आणि पुढची ऑर्डर घटे. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात दाराचा खटका तारेनं बांधून टाकत, म्हणजे दार उघडं ठेवूनही यंत्र भराभर चालवता येई. बापच बांधायचा. गोळे तरी कुठल्या तोफेचे? लष्करानं कधीच मोडीत काढलेल्या.

थोरल्या लेकीला एकच हवं होतं, तसलं यंत्र पुन्हा सुरू होऊ नये. बापाची जागा धाकट्या भावाला मिळणार होती.

संध्याकाळी काका मॅनेजरला घेऊन आला.

"ताई, बाहेर टीव्हीवाले आहेत. शेजारच्या देशानं घातपात केला, एवढंच म्हणा," मॅनेजर म्हणाला.

"घातपात कसला? खटका बांधलेला होता."

"हे बोललीस तर कारखान्याला कुलूप!" काका खेकसला. "निम्म्या गावाच्या चुली विझतील. तुझा नवरा पोसणार आहे का?"

"पण लष्कराला नकोच आहेत ना हे गोळे?"

"लष्कराला विचारतं कोण?" मॅनेजर समजुतीनं म्हणाला. "मंत्रीसाहेबांना इथली मतं हवीत, गावाला काम हवं. आपण गोळे केले की पलीकडचेही करतात. त्यांचंही असंच एखादं गाव असेल की! त्यांचे वाढले की आपले वाढतात. सगळ्यांचं पोट भरतं."

ती उठली आणि कॅमेऱ्यासमोर जाऊन सगळं सांगून आली.

"तार बांधली कुणी?" बातमीदारानं विचारलं होतं.

"बाबांनी."

सकाळी मंत्री टीव्हीवर होते. शत्रूनं कारखान्यातलाच माणूस विकत घेतला, त्यानं मुद्दाम खटका बांधला, हे खुद्द त्याच्या मुलीनं कबूल केलंय, असं ते म्हणाले. गोळ्यांची ऑर्डर दुप्पट झाली. आईची पेन्शन थांबली. घराच्या दारावर कुणीतरी डांबर फासलं.

फितुराच्या पोराला कायमची नोकरी कोण देणार? पण दुप्पट कामाला माणसं कमी पडत होती. भाऊ स्वतःच मॅनेजरच्या पाया पडला. त्यानं घेतलं, बापाच्याच कामाला, नव्या यंत्रावर, पण रोजंदारीनं.

"नको जाऊस रे," ती म्हणाली.

"बापाला फितूर केलंस. आता तो डाग मी धुवायचा नाही का?"

आईनं त्याचा डबा भरून दिला. तो गेल्यावर लेकीकडे न बघता म्हणाली, "तू सासरी जा बाई. आणखी कुणाचं भलं करू नकोस."