आजोबांची मांडी

"घरात विडी कोण ओढतं?"

लहानग्या गुंडाच्या छातीवरची नळी काढत डॉक्टरांनी विचारलं, तशी विजयमालानं बाहेर नजर टाकली. तिचे सासरे आकाराम दाराबाहेरच बाकावर बसले होते.

"कोन न्हाई," ती म्हणाली.

नवरा फौजेत, सासू वारलेली. विजयमाला तासगावात बेदाण्याच्या शेडवर कामाला जायची, तेव्हा वर्षाचा गुंडा दिवसभर आजोबांच्या मांडीवर. म्हातारा तापट. तो बिथरला तर पोराला बघणार कोण? औषधाची बाटली घेऊन ती गावी परतली.

आठवडा सरला नाही तोच पोराला पुन्हा धाप लागली. एस.टी.त त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात होत्या. रडायलाही त्याला दम पुरेना. निळसर पडत चाललेल्या त्या ओठांवरून तिची नजर हलेना. आपल्या खोट्यानंच लेकरू जातंय, असं तिला वाटत होतं.

दवाखान्यात नर्स नूरजहांबाईंनी पोराला झटकन उचललं. त्याच्या टाळूला विडीचा वास येताच त्या थबकल्या.

"झोपतं कुणापाशी हे?"

विजयमालानं दाराकडं पाहिलं. आकाराम पटका हातात धरून आतच आले होते.

"मामंजींपाशी," ती म्हणाली. "लय विड्या वडत्यात. पोराला मांडीवर घिऊनच."

आता म्हातारा ओरडणार, म्हणून तिनं अंग चोरलं. आकाराम पुढं झाले.

"माज्यामुळं व्हय, बाई?"

"आबा, मोठ्यांच्या धुरानं तान्ह्यांची छाती भरते," नूरजहांबाई पोराच्या नाकाला प्राणवायूची नळी लावत म्हणाल्या. "विडी सुटत नाही तोवर त्याला जवळ घेऊ नका."

पोर वाचलं. घरी आल्या दिवशीच आकारामांनी आपलं अंथरूण गोठ्यात नेलं. शेजारच्या रंगुबाईंना सांगून आले, "सून कामाला गेली की नातवाला तुमीच बघा."

विडी टाकायचा त्यांनी लय प्रयत्न केला. जन्माची सवय, सुटली नाही.

संध्याकाळी विजयमाला परतली की गुंडा उंबऱ्यात बसून हात पसरायचा आणि आजोबांसाठी हंबरडा फोडायचा. आकाराम अंगणाच्या पलीकडूनच बैलाची घुंगरमाळ त्याला वाजवून दाखवायचे. पोर हसेपर्यंत वाजवायचे, मग पाठ फिरवून गोठ्यात शिरायचे.