मिस तिवांची क्लिप

कोनादू माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली तेव्हा शुक्रवारी सकाळचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या आईचा, मिस तिवांचा, अंत्यविधी होता. कुमासी शहरातल्या एकाच शाळेत बाईंनी एकतीस वर्षं शिकवलं. मैदानावर पाचशे माणसं तरी येणार, मोठ्या पडद्यावर बाईंची फिल्म लागणार, आणि ती फिल्म मी जोडत होते.

"आईची ती क्लिप आधी दाखव," कोनादू म्हणाली. "अजून बघायचा धीर झालेला नाही मला."

बाई गेल्या त्याच्या आदल्या दिवशी शेजारणीनं फोनवर टिपलेली जेमतेम पाऊण मिनिटाची क्लिप. कोनादू तेव्हा दूर ताकोराडी शहरात कामावर होती, वेळेत पोचली नाही. क्लिप कार्डावर उतरवून झाली आणि शेजारणीचा फोन पुढे हरवला. बुधवारी मला मेमरी कार्ड देताना कोनादू म्हणाली होती, आता एवढंच आहे.

मी क्लिप लावली. बाईंचा चेहरा आला. "कोनादू, बाळा," एवढं त्या म्हणाल्या आणि चित्रभर हिरवे चौकोन पसरले. डोळे, कपाळ, उशी, सगळं हिरवं. आवाज तेवढा चालू राहिला.

कोनादूनं मान फिरवली. दारात तिचे मामा उभे होते, वोफा अम्पोमा; वोफा म्हणजे मामाच. तिच्या घरात त्यांचाच शब्द चालायचा.

"उतरवताना काहीतरी राहिलं असेल," ते म्हणाले. "कार्ड घाल पुन्हा."

कार्ड ड्रॉवरमध्ये होतं, पण त्यावर आता बाईंची क्लिप नव्हती. गुरुवारी चर्चमध्ये गायकांची तालीम टिपायची होती, दुसरं कार्ड हाताशी नव्हतं, म्हणून मी हेच पुसलं होतं. कॉम्प्युटरवर उतरवलेली क्लिप नीट चालते का, तेही न बघता.

"एक फोन करून येते," म्हणून मी ओसरीवर गेले आणि मिस्टर अन्सांना फोन लावला. मी हे काम त्यांच्याच हाताखाली शिकले.

"नवीन मशीन घेतलंस तेव्हा नाही माझी आठवण झाली," ते म्हणाले. "बोल."

मी भराभर सांगितलं.

"हिरवं दर वेळी त्याच जागी येतं का?"

"एकदाच चालवली."

"मग रडतेस कशाला आधीच? चार वेळा चालव. फाइल फाटली असेल तर दर वेळी तिथंच फाटलेली दिसेल. जागा बदलत असेल तर फाइल धड आहे, तुझ्या मशीनला ती उलगडता येत नाहीये."

मी आत आले. कोनादूनं विचारलं, "कार्ड कुठंय?"

खोटं बोलावंसं वाटलं, नाही असं नाही. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"कार्ड मी पुसलं, कोनादू. काल. तुला न विचारता."

वोफा सावकाश खाली बसले. "पोरी, काय केलंस तू हे," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी क्लिप पुन्हा चालवली. पहिल्यांदा हिरवं तिसऱ्या सेकंदाला आलं होतं, आता अकराव्याला आलं. परत चालवली, सातव्याला. परत, विसाव्याला.

मी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज उघडल्या. चित्र उलगडायचं काम तिथं ग्राफिक्स कार्डाकडे दिलेलं होतं. शेजारणीचा फोन नव्या पद्धतीनं चित्र दाबून साठवायचा, आणि माझ्या ग्राफिक्स कार्डाला ते झेपत नव्हतं. मी त्यापुढची टिक काढली, काम मुख्य प्रोसेसरकडे दिलं, आधीची साठवलेली तात्पुरती चित्रं पुसली. 'पुसायचं का?' असं मशीननं विचारलं तेव्हा मी तो प्रश्न तीनदा वाचला. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं.

क्लिप अडखळत चालली, पण स्वच्छ. बाई उशीला टेकून बसल्या होत्या. "कोनादू, बाळा, तू आली नाहीस म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. मीच घरच्यांना म्हटलं, माझ्या आजारपणाचं तिला आत्ता कळवू नका."

कोनादूनं वोफांकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"तिनं शपथ घातली होती," वोफा म्हणाले.

मग कोनादूनं डोळे पुसले. "हे मैदानावर दाखवायचं नाही. हे माझं आहे. आणि आत्ता, माझ्यासमोर, याच्या दोन प्रती कर."

मी केल्या. दोन्ही तिनं शेवटपर्यंत चालवून पाहिल्या आणि पिशवीत घातल्या. तोवर दुपार टळली होती.

शनिवारी फिल्म बाईंच्या शाळेतल्या फोटोंवर संपली. कोनादूनं सगळ्यांसमोर माझे आभार मानले, पण हातात हात घ्यायला हात पुढे केला नाही. मलाही तो मागावासा वाटला नाही.