थप्पीआडचा आवाज

सोमवारी अंबाजोगाईच्या दवाखान्यात शिवलिंगप्पांच्या घशाचे ऑपरेशन ठरले होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावे लागेल, माणूस वाचेल, आवाज मात्र परत येणार नाही, असे त्यांनी बापलेकांना समोर बसवून सांगितले. शिवलिंगप्पांनी मान डोलावली. परतताना एसटीत ते एवढेच म्हणाले, "आता लिलाव कोण पुकारणार?"

माजलगावच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, त्यांची जुनी आडत होती. त्यांनी लिलावाला 'बोलाऽ' म्हटले की पलीकडच्या हॉटेलातले हमाल चहा अर्धा टाकून उठत. दिवाळीपासून तो आवाज बसत गेला. दोन हजार दोन सालच्या जानेवारीत नवी तूर येऊ लागली, तेव्हा त्यांचे बोलणे ऐकायला समोरच्याला कान पुढे करावा लागत होता.

मुलाने, राजेश्वरने, एक उपाय काढला. दुकानात हिशेबासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. आप्पांच्या रोजच्या तोंडचे शब्द आणि वाक्ये त्यात एकेक करून भरायची आणि प्रत्येकाला कीबोर्डचे एक बटन नेमायचे. पुढे आप्पांनी बटन दाबावे, आवाज त्यांचाच निघावा. टेपवर हे जमले नसते. हवा तो शब्द सापडेपर्यंत गिऱ्हाईक घरी पोचले असते.

माइक आणला. आप्पा त्याच्यासमोर ताठ बसले आणि म्हणाले, "बसा." राजेश्वरने ते परत वाजवले. स्पीकरमधून मोठी घरघर आली आणि तिच्या तळाशी कोणीतरी काहीतरी बोलले.

दारात उभ्या शिवकांताबाई, आप्पांच्या पत्नी, म्हणाल्या, "हे तुमी न्हाईत. ही तर पिठाची गिरणी हाय."

राजेश्वरने आधी माइकला दोष दिला आणि दुसरा आणला. मग छताचा पंखा बंद केला. मग आप्पांना जरा जोरात बोलायला सांगितले. आप्पांनी जोर लावला, त्यांना ठसका लागला, तो थांबेना, शिवकांताबाईंनी पाठ चोळली. त्यानंतर जोरात बोला असे त्यांना कोणी म्हटले नाही.

घरघर कॉम्प्युटरच्याच पेटीतून येत होती. राजेश्वरने घरातून वाकळ आणली आणि पेटी चारी बाजूंनी गुंडाळली. आवाज खरोखर कमी झाला. आप्पांचे दोन शब्द भरले गेले. तिसऱ्याला पडदा काळा पडला. वाकळ काढली तर पेटीचा पत्रा तव्यासारखा तापला होता.

राजेश्वरने अंबाजोगाईला योगीराजला फोन लावला. दोघे कॉलेजात एका खोलीत राहिले होते आणि योगीराज आता तिथे कॉम्प्युटरचा क्लास चालवत होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"वाकळ? थंडी वाजत होती का बे त्याला?"

"आवाज लई करतंय म्हणून."

"आतली गरम हवा बाहेर फेकायला पंखे असतेत. तू त्याचं नाक दाबलंस. आता हात लावू नको. उद्या येतो."

"क्लास हाय ना तुझा?"

"पोरं खूश होतील. ऑपरेशन सोमवारी हाय ना? मग ठेव फोन."

शनिवारी सकाळच्या गाडीने तो आला. दुपारी लाईट जाणार होती आणि रविवारी आप्पांना भरती व्हायचे होते, म्हणून त्याने चहाही घेतला नाही. वायर काढून पेटीची बाजू उघडली, बोट कुठे लागणार नाही असे पाहून पुन्हा वायर जोडली आणि मशीन उघडेच चालू केले. जुन्या बिलाच्या कागदाची नळी करून तिचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे आत ठिकठिकाणी धरत गेला. शिवलिंगप्पा गादीवरून बघत होते.

"डॉक्टर बी असंच करत होता," ते खरखरत्या आवाजात म्हणाले.

"मग फी बी तेवढीच लावतो आप्पा."

आत दोन पंखे होते. एक मागच्या बाजूला, विजेच्या डब्यात. दुसरा खाली, मुख्य चिपच्या डोक्यावर. नळी मागच्या पंख्याजवळ नेली तर वाऱ्याचा नुसता सूं सूं आवाज. खालच्या पंख्याजवळ नेली तेव्हा योगीराजने कान मागे घेतला. खात्री करायला त्याने पेन्सिलीचे रबराचे टोक त्या पंख्याच्या मधोमध अलगद टेकवले. पंखा क्षणभर थांबला आणि घरघर थांबली. पेन्सिल उचलली, घरघर परत.

"सापडला चोर. पण ह्याचा एक साथीदार हाय."

पंखा थांबला तेव्हाही एक बारीक झणझण उरली होती. योगीराजने पेटीच्या पत्र्यावर तळवा दाबला. झणझण गेली. पत्राच सैल होता आणि दुसऱ्या पंख्याच्या हादऱ्यानेही वाजत होता.

मशीन बंद करून, वायर काढून त्याने पंखा सोडवला. पात्यांवर राखाडी थर बसला होता, एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी. म्हणून पंखा डगमगत फिरत होता. मोंढ्याची धूळ त्यात होतीच. पण योगीराजने थर चिमटीत घेऊन चोळला आणि तो पिठासारखा मऊ लागला. त्याने बोट हुंगले. मग पेटीच्या पुढच्या जाळीकडे पाहिले. जाळीवर पांढऱ्या तीन रेघा होत्या.

"हे कोण लावतं?"

राजेश्वरने गादीकडे पाहिले. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की शिवलिंगप्पा दुकानात येऊन काट्याला, तिजोरीला आणि कॉम्प्युटरला भस्म लावत. कॉम्प्युटर आल्यापासून हिशेबावरून होणारी भांडणे मिटली होती आणि हे उपकार ते विसरत नसत. जाळी त्यांना कपाळासारखी वाटली, म्हणून भस्म तिथे. मशीन त्याच जाळीतून हवा आत ओढत होते.

"मंजे," आप्पा म्हणाले, "मीच त्याच्या घशात राख कोंबली व्हय?"

"तुमी कपाळ समजून लावलं आप्पा. ते नाक निघालं."

आप्पांना हसू फुटले, त्या हसण्यातून खोकला, खोकल्यातून पुन्हा हसू. शिवकांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या. "हसवू नका रे त्यांला," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून स्वतःच हसल्या.

योगीराजने दाढीच्या जुन्या ब्रशने पाती साफ केली. पंख्याच्या मधला गोल कागद सोलून खालच्या आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडला, जास्तीचे पुसून कागद पुन्हा चिकटवला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पत्र्याच्या कडेखाली बसवल्या आणि स्क्रू आवळले. मशीन सुरू केले. घरघर गेली होती. हवेचा मंद आवाज तेवढा राहिला.

राजेश्वरने हात जोडले. योगीराजने मान हलवली.

"थांब. आप्पा बारीक बोलणार. तो आवाज आपण मागून वाढवणार. त्याच्यासंगं ही हवा बी वाढंल. दोघांमधी भिंत पाहिजे."

भिंत गोदामात उभी होती. तुरीच्या पोत्यांची थप्पी छताला टेकत होती. पेटी थप्पीच्या एका अंगाला, गोणपाटावर, चारी बाजूंनी हवा मोकळी ठेवून मांडली. पोत्यांच्या फटीतून माइकची वायर पलीकडे काढली. तिथे दोन थप्प्यांमध्ये एका माणसापुरती जागा होती. शिवलिंगप्पा तिथे स्टुलावर बसले. तिथे मोंढाही ऐकू येत नव्हता.

"बोला आप्पा. जोर लावू नका. मोठं करायचं काम माझं."

"बसा," आप्पा म्हणाले.

परत वाजवले तेव्हा गोदामात शिवलिंगप्पाच बोलले. खरखरीत, हळू, पण तेच. शिवकांताबाई पोत्याला टेकून उभ्या राहिल्या.

मग काय भरायचे यावर वाद झाला. राजेश्वरला 'पाणी' आणि 'दुखतंय' हवे होते. आप्पांनी हमालांना द्यायच्या शिव्यांचा आग्रह धरला, त्यातल्या दोन मंजूर झाल्या. मग ते म्हणाले, "मीठ कमी हाय, हे घे."

"ते घ्यायचं न्हाई," शिवकांताबाई थप्पीच्या अलीकडून म्हणाल्या. "तेवढं तरी सुख मिळू द्या मला. त्याच्या जागी 'भाजी चांगली झाली' म्हणा."

"असं मी कधी म्हणलो?"

"म्हणूनच भरून ठिवा."

मग आप्पांनी ते वाक्य म्हटले, दोनदा, कारण पहिल्यांदा त्यांना ते नीट जमले नाही.

लिलावाचा पुकारा त्यांनी शेवटी ठेवला. डोळे मिटले आणि ओठांजवळच्या माइकला गुपित सांगावे तसे म्हणाले, "बोलाऽ, नवी तूर, बोलाऽ." योगीराजने स्पीकरचे बटन पूर्ण फिरवले आणि ते वाजवले. गोदामाच्या दाराशी झोपलेला हमाल उठून बसला आणि पोते शोधू लागला. आप्पांनी थप्पीआडून विचारले, "कोण उठलं?" आणि सांगितल्यावर बराच वेळ आपल्याशीच मान हलवत बसले. लाईट गेली तेव्हा सगळे भरून झाले होते.

ऑपरेशन नीट झाले. महाशिवरात्रीच्या आधी आप्पा गळ्याला पांढरा रुमाल बांधून पुन्हा गादीवर आले. राजेश्वरने कीबोर्डच्या बटनांवर कागदाचे तुकडे चिकटवले होते. पुकारा स्पीकरवरून होऊ लागला आणि मोंढ्याने दोन दिवस त्याची थट्टा करून मग भाव बोलायला सुरुवात केली. सकाळचे भस्म आता पडद्याच्या वरच्या कडेला लागत होते.

योगीराज भेटायला आला तेव्हा दुकानात गर्दी होती. शिवलिंगप्पांनी त्याला पाहिले, हातातले काम टाकले आणि कीबोर्ड जवळ ओढला. त्यांचे बोट बटनांवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. त्यांना हवे होते ते बटन नव्हते. आभाराचा शब्द कोणाला सुचलाच नव्हता. त्या घरात तो कधी कोणी वापरला नव्हता.

त्यांनी योगीराजकडे पाहिले, मग एक बटन दाबले.

"बसा," स्पीकर म्हणाला.

योगीराज उभ्याउभ्याच हसला. "बसत न्हाई आप्पा, तब्येत बघायला आलतो. लगेच गाडी हाय."

आप्पांनी दुसरे बटन दाबले. "जेवल्याबगर जायचं न्हाई."

"आप्पा, खरंच. संध्याकाळी क्लास हाय."

"जेवल्याबगर जायचं न्हाई."

"पुढच्या बारीला नक्की. घरी सांगून आलो न्हाई."

"जेवल्याबगर जायचं न्हाई," आप्पांचा आवाज तितक्याच ठामपणे म्हणाला. गादीभोवतीचे शेतकरी आता योगीराजकडे बघत होते. आप्पांचे बोट बटनावरून उठले नव्हते, आणि डोळे भरले होते.

योगीराजने चपला काढल्या आणि गादीवर त्यांच्या शेजारी बसला.