कुंपणावरचा मंडप

बायकोला, भाग्यलक्ष्मीला, काहीतरी झाल्याचं महांतेशला कळलं ते तिच्याच फोनवरून. मार्च महिना, दुपारचा एक वाजला होता. तो आर्किटेक्ट; राजाजीनगरातल्या ऑफिसात नकाशा पसरून बसला होता. फोनवर नाव तिचं, आवाज मात्र परक्या बाईचा.

"अण्णा, बिगीनं या. अक्का नदीकाठच्या पार्काबाहेर बसल्यात. बोलेनात झाल्यात."

तो पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

तीन महिन्यांनी त्याच पार्काचं काम ऑफिसात आलं. नदीकाठी एक मंडप हवा होता. लांबून ओळखू यावा, शहराची खूण व्हावा असा. महांतेशनं ते काम मागून घेतलं. नाव कुणाचंही लागो, हा मंडप भाग्यलक्ष्मीसाठी, असं त्यानं मनाशी ठरवलं. उंच जोतं, बारा खांब, वर कमळाच्या पाकळ्यांसारखं छत. जेवणखाण विसरून तो काढत राहिला.

नकाशा पुरा झाला, तेव्हा त्याला पार्काच्या गेटाबाहेर पेरू विकणाऱ्या ठकुबाईंची आठवण झाली. त्या दिवशीचा फोन त्यांचाच. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले होते. नकाशा घेऊन तो गेटापाशी गेला.

"बसा की अण्णा. पेरू कापू?"

"नको. शेवटी तुम्ही होता तिच्याजवळ. तेवढं सांगायला आलो."

"त्यात काय मोठं! स्वल्प पाणी पाजलं, छत्री धरली."

महांतेशनं नकाशा उलगडला. "हा तिच्यासाठी काढलाय."

ठकुबाईंनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला. "देवळागत दिसतोय. लई छान! दुपारचा उघडा असणार न्हवं?"

"दुपारी कसा? पार्क दहा ते चार बंद असतं."

"तेच म्हणते मी. अक्का गेटाला धरून उभ्या होत्या. आत झाडाखाली बाक दिसत होता. म्हणाल्या, जरा टेकते. वॉचमन म्हणाला, रूल हाय अम्मा. मग इथं दगडावर बसल्या, उन्हात. आता तुम्ही एवढा मंडप बांधा. पुढची अक्का बाहेरनंच बघंल!"

तो रूल आला कुठून, हे महांतेशला चांगलं ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी कॉलनीनं अर्ज दिला होता, दुपारी नको ती माणसं येऊन झोपतात म्हणून. त्यावर दुसरी सही त्याची होती! भाग्यलक्ष्मीनं तेव्हा विचारलं होतं, "मग त्यांनी टेकायचं कुठं?" तो हसला होता. "तुला सगळ्या गावाची काळजी!"

"ठकुबाई, त्या अर्जावर माझी सही आहे."

ठकुबाईंनी एक पेरू कापला, तिखटमीठ भुरभुरलं आणि त्याच्या हातावर ठेवला. "खावा आधी. सही केलीया, तर आता दुसरं कायतरी करा की."

त्या फोडी त्यानं तिथंच, दगडावर बसून खाल्ल्या. मार्चनंतर पहिल्यांदा त्याला तोंडातल्या घासाची चव कळली.

नवा नकाशा साधा होता. जोतं काढून टाकलं, जमीन रस्त्याच्या बरोबरीची केली. कमळ तेच ठेवलं, पण मंडप आणला थेट कुंपणाच्या रेषेवर. निम्मा पार्कात, निम्मा रस्त्याकडे. रस्त्याकडच्या बाजूला गेट नाही, कुलूपही नाही.

कॉलनीचे अध्यक्ष विश्वासराव नकाशा बघून भडकले. पूर्वीच्या अर्जावर पहिली सही त्यांची होती. "अहो महांतेश, ही तर धर्मशाळा झाली! नको ती माणसं येऊन बसतील."

"साहेब, त्या दुपारी माझी बायको त्यांच्यातलीच एक होती."

विश्वासरावांनी नकाशा टेबलावर ठेवला.

"सावली मिळाली असती तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. पण उन्हात दगडावर बसली नसती. ते कुलूप आपण दोघांनी लावलंय."

विश्वासरावांनी चष्मा काढून पुसला. मग पेन्सिल उचलून रस्त्याकडच्या खांबापाशी एक लहानसा गोल काढला. "इथं पाण्याचा नळ हवा," ते म्हणाले, आणि खाली सही केली.

मंडप उभा राहिला. भर दुपारी तिथं घरकाम करणाऱ्या बाया डबा उघडतात, पार्सलं पोचवणारी पोरं पाय पसरतात. ठकुबाईंची गाडीही आता सावलीत असते. महांतेश कधीमधी एक वाजता जाऊन बसतो. ज्या हातांनी तिच्यावर छत्री धरली, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, पण तिचा प्रश्न उशिरा का होईना त्याला ऐकू आला, याचंच त्याला समाधान वाटतं.

वाचकहो, आपल्याही दारी असा अर्ज कधीतरी येईल. सही करण्याआधी एवढंच विचारा, या सहीनं उन्हात कोण उभं राहणार आहे?

खांबापाशी नळ बसवला आहे. त्याला पाणी अजून आलेलं नाही. तोवर बाटली ठकुबाईच भरून आणतात.