वरचं आकाश चालू

रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे चिटपाखरू नसताना, लाल दिव्यापाशी गाडी थांबवून तो हिरवा होण्याची वाट बघत बसणारे जे थोडे लोक जगात उरलेत, त्यातलेच हे एक. घरात सगळे त्यांना नियमकाका म्हणत. धाकट्या भावाने थट्टेत ठेवलेलं नाव पुढे सख्ख्या आईनेही उचललं. वरवर ते रागावायचे, पण खरं सांगायचं तर मनातून त्यांना ते आवडायचं. दुसरं कुठलं बिरूद त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं.

नोकरीही स्वभावाला साजेशी. आपल्या देशाच्या प्रवासी विमानांनी कुठल्या आकाशातून जायचं आणि कुठल्या नाही, हे ठरवणाऱ्या सरकारी खात्यात ते होते. खोलीत भिंतभर नकाशा, त्यावर काच, आणि जिथे जाणं धोक्याचं तिथे काचेवर तांबड्या पेन्सिलीची रेघ. जो रेघ मारेल त्याने कोपऱ्यात आपली आद्याक्षरं टाकायची, अशी तिथली जुनी रीत होती. बहुतेक रेघांच्या कोपऱ्यात नियमकाकांचीच अक्षरं असत.

त्या वर्षी दोन शेजारी देशांची जुंपली, आणि आपल्या विमानांची नेहमीची वाट नेमकी त्यांच्या डोक्यावरून जात होती. सुरुवातीला खालून उडणाऱ्या विमानांना मनाई झाली. त्यावर कोणाची तक्रार नव्हती, कारण एवढ्या खालून कोणी जातच नव्हतं. मग एक मालवाहू लष्करी विमान पडलं. ते किती उंचीवर होतं हे कोणी छातीठोकपणे सांगेना, पण नियमकाकांनी आलेले कागद तीनतीनदा वाचले. ते विमान वर होतं. आपली विमानं जातात तेवढंच वर.

त्यांनी सगळं आकाश बंद करण्याचा मसुदा केला. बैठकीला विमान कंपन्यांचे लोक आले. वळसा घालायचा म्हणजे किती लांब, वैमानिकांच्या कामाचे तास कसे जुळणार, प्रवासी परक्या कंपन्यांकडे कसे पळणार, हे त्यांनी अगदी हसतखेळत पटवून दिलं. वरिष्ठ साहेबांनी चष्मा पुसत एवढंच विचारलं की, खात्री आहे का? खात्री कोणाला असते हो? विमान पडल्यावर असते. पण नियमकाकांना तेव्हा हे उत्तर सुचलं नाही. खात्री नाही, असं ते म्हणाले, आणि मग कोणी न विचारता पुढचं वाक्यही तेच बोलले, की वरचं आकाश तूर्त चालू ठेवायला हरकत नसावी. साहेबांच्या कपाळावरची आठी गेली. नियमकाकांनी रेघेशेजारी उंचीचा आकडा लिहिला, म्हणजे बंदी तेवढ्या उंचीच्या खालीच, आणि कोपऱ्यात अक्षरं टाकली.

इथवरचं एक वेळ सोडून देऊ. दबावाखाली माणसं वाकतात, सरकारी माणसं जरा लवकर वाकतात. खरी गोष्ट यापुढची आहे.

नियमकाकांची मुलगी परदेशात शिकत होती. बायको गेल्यापासून ही पोर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याच शहरात त्यांचा धाकटा भाऊही राहायचा. त्याच्या पोटात काही राहत नसे, म्हणून घरात त्याला भोंगा म्हणत. भोंग्याला रजा मिळाली नव्हती, पण त्याची बायको तान्ह्या मुलाला घेऊन सासूला भेटायला निघाली होती. बाळाच्या डोळ्यांमुळे सगळे त्याला बटण म्हणायचे. आजीने बटणाला अजून पाहिलंच नव्हतं. वाटेत बाळाला धरायला कोणीतरी हवं, म्हणून काकू-पुतणीची तिकिटं मुद्दाम एकाच विमानाची काढली होती, आणि ते विमान त्याच वाटेने, वरच्या आकाशातून यायचं होतं.

बैठकीहून घरी आल्यावर नियमकाकांनी मुलीला फोन लावला. आजीच्या डोळ्याचं ऑपरेशन अचानक अलीकडे आलंय, तिला तूच जवळ हवीस, असं सांगितलं. आदल्या दिवशीच्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात जागा आहे, जरा वळशाने येतं, पण तेच घे. मुलगी म्हणाली, काकू एकटी पडेल. करेल ती, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भावजयीलाही तसंच काहीतरी सांगता आलं असतं. पण तिला सांगायचं म्हणजे भोंग्याला सांगायचं, आणि भोंग्याला सांगितलं की गावभर. ज्या अधिकाऱ्याने आकाश चालू ठेवलं त्यानेच घरच्या माणसांना विमानातून उतरवलं, हे वर्तमानपत्रात यायला कितीसा वेळ? त्यांनी तोंडाला कुलूप घातलं. आपला तो बाब्या, ही म्हण आपल्यासाठीही असते हे त्यांच्या मनात येऊन गेलं. पुढचा भाग त्यांनी मनातसुद्धा पुरा केला नाही.

निघायच्या आधी भावजयीचाच फोन आला. तिच्या वडिलांनी कुठेतरी लढाईचं वाचलं होतं आणि ते घाबरले होते.

"भाऊजी, तुम्ही सांगा. जाऊ ना मी त्या विमानाने?"

"त्या उंचीवर सरकारची बंदी नाही," नियमकाका म्हणाले.

"मग झालं तर. तुम्ही म्हणताय म्हणजे डोळे मिटून जाते."

यात खोटं एक अक्षर नव्हतं. नियमकाका दोन दिवस स्वतःला हेच समजावत राहिले.

मुलगी सुखरूप आली. ऑपरेशन ठरल्याप्रमाणे पुढच्याच महिन्यात आहे हे तिला आजीकडून लगेच कळलं. बाबांना आपली आठवण आली असेल, एवढंच समजून ती गालात हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नियमकाका कचेरीत पडद्यापुढे बसले होते. पडद्यावर प्रत्येक विमान म्हणजे एक पिवळं चिन्ह, शेजारी त्याचा क्रमांक. हाताखालची माणसं ये-जा करत होती, कोणी कोणी काही विचारत होतं, आणि हे हो-हो म्हणत एकाच चिन्हाकडे बघत होते. नकाशावरच्या रेघेच्या आतल्या भागात ते शिरलं. थोडं पुढे गेलं. मग एकाएकी वळलं आणि आल्या वाटेने परत फिरलं. खोलीतले फोन एकदम वाजू लागले. खाली तोफा सुरू झाल्या होत्या, आणि तिथल्या सरकारने उभं आकाश बंद केलं होतं. नियमकाका टेबलाची कड धरून बसले, आणि लाज वाटायच्याही आधी त्यांच्या मनात आलं की, बरं झालं, पोर घरी आहे. हा विचार त्यांना पुढे जन्मभर पुरला.

विमान तिसऱ्याच देशात उतरलं. कोणाला खरचटलंही नाही. संध्याकाळपर्यंत सगळं आकाश बंद करणारा हुकूम निघाला. बैठकीत जे होत नव्हतं ते चहा गार व्हायच्या आत झालं. वरातीमागून घोडं, पण दिमाखात. साहेबांनी नियमकाकांच्या पाठीवर थाप मारली.

एक रात्र विमानतळाच्या फरशीवर काढून भावजय दुसऱ्या दिवशी घरी पोचली. तिचे डोळे खोल गेले होते. आजीने तिच्यावरून आणि बाळावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले. भावजयीने बटणाला नियमकाकांच्या मांडीवर ठेवलं आणि पहिल्यांदाच मोकळे हात घेऊन पाणी प्यायली. खिडकीतून काय दिसलं ते तिने सांगितलं. धुराची एक रेघ, सरळ वर येणारी. शेजारच्या बाईंनी तिचा हात धरला होता. बाळाला पोटाशी घेऊन आपण कोणाकोणाची नावं घेतली, तेही तिने सांगितलं.

"पण मनात म्हटलं, भाऊजींनी सांगितलंय ना, मग काही होणार नाही," ती म्हणाली. "आणि बंदीही शेवटी तुम्हीच घातलीत म्हणे. आता दुसऱ्या कोणावर ही वेळ नको."

आजी म्हणाली की माझा मुलगा आहेच तसा, नियमाचा पक्का. नियमकाका ताटाकडे बघत होते. बटणाने त्यांचं बोट मुठीत धरलं होतं.

मग भावजय पुतणीकडे वळली. तिच्या स्वरात तक्रार नव्हती, नुसतं नवल होतं. "तू का गं आदल्या दिवशी आलीस? आईंचं ऑपरेशन तर पुढच्या महिन्यात आहे म्हणतात."

मुलीने बापाकडे पाहिलं. तिचं हसू मावळलं, आणि चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेलेली नियमकाकांना दिसली. ती सगळं समजली होती. मग तिने मान खाली घातली.

"माझाच घोटाळा झाला, काकू," ती म्हणाली. "तारीख चुकीची ऐकली मी."

लहानपणी पाटी फोडली तरी येऊन सांगणारी ही पोर. खरं बोलायला तिला यांनीच शिकवलं होतं, आणि आज ती यांच्यासाठी खोटं बोलली. नियमकाकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं, आणि गप्प राहणं त्यांना चांगलं जमतही होतं.

"तिचा घोटाळा नाही," ते म्हणाले. "मी खोटं सांगून तिला त्या विमानातून काढलं."

आजीचा घास हातातच राहिला. भावजयीला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं.

"मी फोन केला होता," ती हळू म्हणाली, "तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि बटण माझ्याबरोबर आहे, हेही."

"हो," नियमकाका म्हणाले.

ती उठली, टेबलाला वळसा घालून त्यांच्यापाशी आली आणि वाकली. बाळाने त्यांचं बोट घट्ट धरलं होतं. तिने ती इवलीशी मूठ एकेक बोट करून सोडवली, बाळाला उचललं आणि आतल्या खोलीत गेली.